रिकाम्या घरातला ङ

पहिलीच्या वर्गात भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता असतो. क ला कमळ, ख ला खटारा, ग ला गवत, घ ला घर आणि त्याच्या पुढचं ङ चं घर रिकामं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ञ चंही तेच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांमधून मी ३१ वर्षं हा तक्ता शिकवला. दर वर्षी एखादं तरी पोर विचारायचं, "बाई, ह्याचं चित्र कुठाय?" आणि दर वर्षी मी म्हणायची, "ते नुसतं म्हणायचं आणि पुढं जायचं."

निवृत्त झाल्यावर पाच वर्षांनी, २०२४ च्या पावसाळ्यात, मी त्या दोन अक्षरांवर रोज तासभर घालवत होते. कारण 'माझ्याकडे' काही आहे असं गालिसियन भाषेत म्हणायचं तर ञ लागतो, आणि 'नाही' म्हणायचं तर ङ.

लेक सांतिआगो दे कोम्पोस्तेला या गावी संशोधनासाठी राहते. स्पेनच्या वायव्य टोकाला गालिसिया म्हणून प्रांत आहे, त्याची ही राजधानी. विद्यापीठ १४९५ चं. मी सहा आठवडे तिच्याकडे जायचं ठरलं. एकटीनं. ह्यांना गुडघ्यामुळं इतका प्रवास झेपणारा नव्हता, आणि घरी मांजर.

माझी भीती एकच होती, काचेमागच्या माणसाची. विमान पडेल, पैसे हरवतील असलं काही मनात येत नव्हतं. पण कोणीतरी गणवेशात बसलाय, माझा पासपोर्ट त्याच्या हातात आहे आणि तो मला काहीतरी विचारतोय जे मला कळत नाही, हे चित्र रात्री दोनला डोळ्यापुढं यायचं. इंग्रजी येतं मला, पण शाळेच्या अहवालापुरतं. लेक म्हणाली, "अगं, इंग्रजीत बोल की तोडकंमोडकं. नाहीतर चार वाक्यं स्पॅनिश शिक." मी विचारलं, "तुझ्या घरमालकीणबाई काय बोलतात?" ती म्हणाली, "गालेगो, म्हणजे गालिसियन." मग मी गालेगोच शिकणार, म्हटलं. ज्या घरी सहा आठवडे राहायचं त्या घरची भाषा सोडून वाटेवरच्या चौकीची भाषा कशाला शिकायची? हा युक्तिवाद मला तेव्हा फार हुशारीचा वाटला होता.

भाषा शिकवणाऱ्या नावाजलेल्या अ‍ॅपवर शोधलं तर बार्सेलोनाकडची कातालान मिळाली, गालेगो नाही. म्हणून शिक्षण असं झालं: लेक रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवायची, मी सकाळी चहा टाकून ऐकायची आणि दोनशे पानी वहीत देवनागरीत उतरवायची. एका बाजूला गालेगो, दुसऱ्या बाजूला मराठी, मध्ये लाल रेघ.

देवनागरीचा मला पहिल्यांदा अभिमान वाटला तो तेव्हा. 'मी येतेय' हे तिकडे लिहितात व्ही ने, पण म्हणतात ब. वर मध्ये तो लाट डोक्यावर घेतलेला एन. इंग्रजी लिपीत लिहिलं असतं तर रोज चुकले असते. मी लिहिलं: बेञो. 'माझ्याकडे आहे': तेञो. 'माझी लेक': मिञा फिया. शब्दाच्या शेवटी न आला की तो नाकात घशाकडं जातो, म्हणजे आपला ङ. 'नाही' म्हणजे नोङ. 'बरं' म्हणजे बेङ. आणि 'एक' या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप, जे एक बॅग म्हणताना लागतं, ते उङा. उङा मालेता. एकतीस वर्षं रिकामं ठेवलेलं घर असं भरलं. शेजारच्या नातीला मी लगेच सांगितलं, ङ उङा मालेता मधला. ती म्हणाली, "आजी, हे आमच्या पुस्तकात नाही."

एक्स दिसला की श म्हणायचं. तिथल्या सरकारला शुन्ता म्हणतात. साबण म्हणजे शाबोङ. इथं मी थांबले. शाबोङ आणि साबण! फोन केला लेकीला. ती म्हणाली, मध्ययुगात गालिसियन आणि पोर्तुगीज ही एकच भाषा होती, नंतर फाटे फुटले. मग काय, वही उघडून मी आपल्याकडं पोर्तुगिजांनी टाकून गेलेलं सामान मोजायला बसले. नाताळ तिकडे नादाल. किल्ली म्हणजे चाबे. आता गंमत बघा: लिस्बनची आजची पोर्तुगीज याच शब्दाला सुरुवातीला श लावते, जुना च तिथं राहिला नाही. गालिसियात राहिला, आणि आपल्या चावीतही राहिला. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी वसई-चौलला जो उच्चार उतरला तो आपण कुलपात घालून ठेवलाय. बटाटा मात्र फसवतो, तिकडे तो पाताका. आणि घमेलं! पोर्तुगीजमध्ये गामेला म्हणजे लाकडी काठवट, त्यावरून आपलं घमेलं. गालिसियात गामेला म्हणजे सपाट बुडाची छोटी मासेमारी होडी. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बरोबर आहे, दोन्ही वाळू वाहतात."

कस्टमला तिकडे आल्फान्देगा म्हणतात. हा शब्द अरबी, मूळ अर्थ सराई, वखार. स्पॅनिशमध्ये त्यालाच आदुआना, आणि तो आला अरबी-फारसी दिवाणावरून, म्हणजे आपल्या दिवाणी कोर्टाचा आणि दिवाणखान्याचा भाऊ. आपली जकातही अरबीच. माल अडवून पैसे मागायची वेळ आली की सगळ्या भाषा अरबी बाजारातच जाऊन उभ्या राहतात असं दिसतं.

जुलैअखेर माझ्याकडं चौदा वाक्यं जमली होती. नमस्कार सकाळचा, बोस दीआस; दुपारनंतरचा, बोअस तारदेस. हा घ्या माझा पासपोर्ट: आकी तेङ ओ मेउ पासापोर्ते. मी लेकीला भेटायला आलेय: बेञो बिसितार आ मिञा फिया. सहा आठवडे राहणार आहे: बोउ केदार सेइस सेमानास. (ह्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "हा केदार कोण?" पुढं दोन महिने आमच्या घरात राहणं या क्रियापदाचं नाव केदार होतं. "मावशी केदार का चाललीय?" वगैरे.) हळू बोला: माइस आमोदो, पोर फाबोर. हे वाक्य मला पहिल्या दिवशीच पाठ झालं, कारण आमोदो ऐकून आमोद आठवला. हळू बोला, आनंदानं बोला.

आणि चौदावं, माझं सगळ्यात लाडकं: नोङ तेञो नादा के देक्लारार. जाहीर करण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. एकाच वाक्यात ङ आणि ञ दोन्ही. स्वयंपाकघरात, अंगणात, गणपतीच्या आरासीला कागद कापताना मी हे वाक्य म्हणत असायची. याच्याइतकं स्वच्छ दुसरं वाक्य मला येत नव्हतं.

सराव जेवणाच्या टेबलावर व्हायचा. हे अधिकारी. डोक्याला टोपी, पुढं वही. खरा अधिकारी विचारील तसं विचारायचं अशी अट होती, पण ह्यांना गालेगो येत नाही, म्हणून ते कठोर आवाजात मराठीत विचारायचे, "बॅगेत काय आहे?" आणि मी गालेगोत उत्तर द्यायची. प्रत्येक वेळी उत्तीर्ण. आज वाटतं, सगळी गफलत इथंच होती. उत्तरं पाठ होती, पण प्रश्न मी एकदाही त्या भाषेत ऐकला नव्हता. वर्गात मी मुलांना नेमकं हेच बजावायची, उत्तरं घोकू नका.

ऑगस्टमध्ये लेकीनं धक्का दिला. "आई, तुला ठाऊक आहे ना, पासपोर्ट माद्रिदला बघतात?" शेंगेन देशांच्या, म्हणजे आपसात पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपातल्या देशांच्या, घोळक्यात तुमचं पहिलं पाऊल जिथं पडतं तिथंच शिक्का. माद्रिदहून सांतिआगो म्हणजे मुंबईहून नागपूर, मध्ये कोणी पासपोर्टला हात लावत नाही. आणि माद्रिदच्या काचेमागं गालेगो बोलणारा माणूस बसलेला असेल ही आशा सोडून दे, म्हणाली. मी वही मिटून ठेवली. दोन दिवस ती उघडली नाही. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन: "एक आहे. तुझी मोठी बॅग मुंबईहून थेट सांतिआगोपर्यंत टॅग होणार. युरोपीय संघाबाहेरून आलेली अशी बॅग कस्टमवाले शेवटच्या विमानतळावर बघतात." म्हणजे इमिग्रेशन स्पॅनिशमध्ये, पण आल्फान्देगा गालिसियात. वही उघडली.

व्हिसाचं फार सांगत नाही. मुंबईच्या दोन फेऱ्या, बोटांचे ठसे, ३०,००० युरोचा विमा, बँकेचे कागद. एक गोष्ट मात्र नव्यानं कळली. पर्यटक म्हणून कोणाच्या घरी उतरणार असाल तर यजमानानं तिथल्या पोलीस कचेरीतून निमंत्रणपत्र काढायचं असतं, स्पॅनिशमध्ये कार्ता दे इन्बितासिओन. नुसतं 'ये गं' म्हणून चालत नाही. आणि ते पत्र असलं तरी रोजच्या खर्चाइतके पैसे तुमच्याकडं आहेत हे दाखवावं लागू शकतं. २०२४ साली हा आकडा दिवसाला ११३.४० युरो होता. ह्यांनी ते रुपयांत करून पाहिलं आणि बराच वेळ गप्प बसले.

आता सामान. युरोपीय संघाचे नियम लेकीनं मला वाचून दाखवले, मग ह्यांनी वाचून दाखवले, मग मी स्वतः वाचले. बाहेरच्या देशातून प्रवाशानं मांस आणायचं नाही, दूध आणि दुधाचे पदार्थ आणायचे नाहीत. कारण जनावरांचे रोग. ताजी फळं-भाज्या प्रमाणपत्राशिवाय नकोत. अननस, नारळ, केळी, खजूर आणि डुरियन एवढ्यांना सूट. मासे मात्र २० किलोपर्यंत चालतात, कोळंबी धरून. म्हणजे सोडे नेता येतात, पेढे नाहीत. नियम करणारा आमच्याच आळीतला असावा असं वाटलं. मी अर्धा किलो सोडे घेतले, सहा थरांत बांधले. भाजणी, मेतकूट, आमसुलं, कैरीचं लोणचं, पोहे.

आणि तूप.

हो. सगळं वाचून, सगळं कळून. शेजारच्या गाईच्या दुधाचं, घरी कढवलेलं, पाव किलोची काचेची बरणी. लेक लहानपणापासून वरणभातावर तूप नसेल तर ताट सरकवणारी. फोनवर एकदा म्हणाली होती, "इथं सगळं मिळतं गं, फक्त वास येत नाही." मी स्वतःशी वाद घातला: तूप म्हणजे दूध थोडंच? कढवलेलं, पाण्याचा थेंब नसलेलं. रोग कुठून राहील त्यात? बरणी भाजणीच्या डब्यात मधोमध पुरली. ह्यांना सांगितलं नाही. बॅग बंद करताना तोंडातून सवयीनं आलं, नोङ तेञो नादा के... आणि तिथंच अडकलं.

मुंबईच्या काउंटरवरच्या पोरानं पासपोर्ट बघून मराठीत विचारलं, "एकट्याच चाललात मावशी?" आणि शिक्का मारला. पुढं रात्रभर विमान, आखातात थांबा, परत विमान. वही मांडीवर.

माद्रिदला रांग लांब होती. युरोपवाल्यांची वेगळी, बाकी जगाची वेगळी, आणि बाकी जग अर्थातच मोठं. रांगेत मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होते. लेकीनं बजावलं होतं, माद्रिदला गालेगो काढायचं नाही. माझा नंबर आला. काचेमागं तरुण मुलगा, दाढी नीट कोरलेली. तो काहीतरी पुटपुटला आणि माझ्या तोंडून, दोन महिने रोज जे निघत होतं तेच निघालं: "बोस दीआस. आकी तेङ ओ मेउ पासापोर्ते."

त्यानं मान वर केली. मग एक लांब प्रश्न, ज्याच्या शेवटी बिआशे की बियाखे असं काहीतरी होतं. मी म्हटलं, "माइस आमोदो, पोर फाबोर." आता आमोदो हा शब्द माद्रिदच्या माणसाला कशाला कळायचा? तो थांबला. इंग्रजीत म्हणाला, कशासाठी आलात? तेवढं कळलं. आणि कळूनही मी उत्तर दिलं ते, "बेञो बिसितार आ मिञा फिया." परीक्षेच्या वेळी पोरं गणिताच्या पेपरात भूगोल लिहितात, तसं झालं होतं माझं.

"इखा?" तो म्हणाला. स्पॅनिशमध्ये मुलीला इखा म्हणतात.

"फिया," मी म्हटलं. का कोण जाणे, ठामपणे.

तो हसला. शेजारच्या काउंटरवरच्या बाईला त्यानं काहीतरी सांगितलं, त्यात 'गायेगा' असा शब्द ऐकू आला. तीही वाकून माझ्याकडं बघून हसली. नऊवारी नव्हती नेसलेली मी, साधा पंजाबी ड्रेस, पायांत बूट, पण त्या क्षणी मी तिथली सगळ्यात चमत्कारिक वस्तू असणार. त्यानं निमंत्रणपत्र पाहिलं, परतीचं तिकीट पाहिलं, विमा पाहिलाच नाही. ११३.४० चा विषय निघाला नाही. शिक्का. "बुएन बिआखे." सगळं मिळून तीन मिनिटं. ज्या तीन मिनिटांसाठी दोन महिने झोप गेली ती तीन मिनिटं मी चुकीच्या भाषेत बोलले आणि पास झाले. पुढच्या टर्मिनलकडं जाणाऱ्या चालक नसलेल्या गाडीत बसले तेव्हा पाय थरथरत होते.

(त्यानंतर तिथं शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी पद्धत आली आहे, ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं. माझ्या पासपोर्टात विमानाचं चित्र असलेला शाईचा शिक्का आहे. तो मी मधूनमधून उघडून बघते.)

सांतिआगोचा विमानतळ आटोपशीर. २०२० पासून त्याला रोसालिआ दे कास्त्रो या कवयित्रीचं नाव आहे. गालेगोला कोणी विचारत नव्हतं अशा काळात, एकोणिसाव्या शतकात, तिनं त्या भाषेत कविता लिहिली. विमानतळाला कवीचं नाव देणाऱ्या गावाबद्दल माझं मत उतरण्याआधीच चांगलं झालं होतं. पट्ट्याजवळ उभी राहिले. लोक आपापल्या बॅगा उचलून चालू लागले. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली: त्यांच्या टॅगच्या दोन्ही कडांना हिरवी पट्टी होती. माझ्या टॅगला नव्हती, पांढराच. हिरवी कड म्हणजे बॅग युरोपीय संघातल्याच विमानतळावरून निघालेली. माझी बॅग लांबूनच सांगत होती, मी बाहेरची.

बाहेर पडायच्या वाटेवर हिरवी पाटी. तिच्यावर तीन शब्द, जे स्पॅनिशमध्ये आणि गालेगोत अगदी सारखेच आहेत: नादा के देक्लारार. माझ्या लाडक्या वाक्याचा उत्तरार्ध, भिंतीवर टांगलेला. पुढं 'नोङ तेञो' जोडलं की झालं. कोणी विचारलंच तर म्हणायचं आणि सुटायचं. मी तिथं उभी राहिले. मागून येणारे वळसा घालून जात होते. एकतीस वर्षं पोरांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं केलेली बाई, हिरव्या पाटीखाली, भाजणीत तूप पुरून.

"बोअस तारदेस, सेञोरा. पोदोआ आशुदार?" गणवेशातला माणूस, पन्नाशीचा, पोट सुटलेला. मला कळलं! काही मदत करू का, असं म्हणतोय. आणि श म्हणतोय, म्हणजे गालेगोत!

"बोअस तारदेस," मी म्हटलं. "फालो उङ पोउको दे गालेगो." थोडं थोडं बोलते.

त्याच्या चेहऱ्यावर जे झालं ते मला नीट लिहिता येणार नाही. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर एखाद्या जपानी बाईनं कंडक्टरला "दादा, गाडी कितीला सुटते?" विचारलं तर त्याचं जे होईल ते. मग तो बोलू लागला. दोन्ही हातांनी, भराभर, हसत, पाण्याचा लोंढा यावा तसा. त्यातला एक शब्द मला कळला नाही. आपण परक्या भाषेत जितकं बरं बोलू तितका समोरचा वेगानं बोलतो, आणि चांगला उच्चार म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा, हे मला त्या लोंढ्यात उभं राहून समजलं.

"माइस आमोदो, पोर फाबोर."

हा शब्द त्याला कळला. तो थांबला, छातीवर हात ठेवला आणि पहिलीच्या बाईसारखा एकेक शब्द सुटा करून बोलू लागला. दे ओन्दे बेङ? कुठून आलात? "बेञो दा इन्दिआ." त्यानं माझ्या टॅगकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्याशी तो बोस्तेदे लावून बोलत होता, म्हणजे आपलं 'तुम्ही'. 'तू' ला त्यांच्याकडं ती.

"त्राए कोमिदा?" खाण्याचं काही आणलंय?

आता इथं एक व्याकरणाची गोष्ट सांगायलाच हवी. 'हो' ला गालेगोत शब्द आहे, पण जुनी रीत अशी की 'हो' न म्हणता क्रियापदच परत म्हणायचं. आपलंच आहे हे. जेवलास? जेवलो. आणलंस? आणलं. लेकीनं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, मग यात शिकायचं काय.

"त्रायो," मी म्हटलं. आणलंय.

आणि ते तोंडातून गेल्यावर चौदावं वाक्य आपोआप बाद झालं.

बॅग टेबलावर चढली. मी स्वतःच कुलूप काढलं, चाबे दाखवून. लोणच्याची बरणी बघून त्यानं मान हलवली, ठीक. आमसुलं हातात घेऊन उलटसुलट केली. मी म्हटलं, फ्रोइता सेका, सुकवलेलं फळ. ठीक. सोड्यांचं पुडकं उघडायला मी नको म्हणत होते, पण उघडलं, आणि वास त्या चकचकीत दालनात पसरला. त्यानं नाक मागं घेतलं नाही. उलट पुढं वाकला. "कामारोङ्स!" समुद्रकाठचा माणूस, सोड्याला घाबरतोय थोडाच. त्यानं एक सोडा दोन बोटांत धरून उजेडाकडं पाहिला, दुसऱ्या सहकाऱ्याला बोलावून दाखवला. कशी करता, विचारलं असावं. मी हातानं कांदा चिरून दाखवला.

मग भाजणीचा डबा. "फारिञा," मी म्हटलं. पीठ. त्यानं डबा हलवला. पीठ वाजत नाही, हा वाजला.

"ए इस्तो?" आणि हे?

तुपाला शब्द मी शिकलेच नव्हते. चौदा वाक्यांत तूप कुठंच नव्हतं. असतं तरी ते कोणासमोर म्हणणार होते? लोण्याचा शब्द तेवढा ठाऊक होता. "मान्तेइगा," मी म्हटलं, आवाज शाळेतल्या पोरासारखा. त्यानं बरणीचं पीठ पुसलं, झाकण उघडलं, वास घेतला. आणि त्याचा चेहरा बदलला.

"मान्तेइगा कोसिदा," तो हळूच म्हणाला. कढवलेलं लोणी. मग अगदी सावकाश, माझ्यासाठी, त्यानं सांगितलं. त्यातलं सगळं नाही कळलं, पण आबोआ कळलं, आजी. चूल कळली, कारण त्यानं ढवळून दाखवलं. गालिसियाच्या उत्तरेकडं गाईचं लोणी कढवून ठेवायची रीत आहे, गोडधोडाला वापरतात, हे मला नंतर लेकीकडून समजलं. त्या वेळी एवढंच समजलं की या माणसाला तूप ठाऊक आहे.

क्षणभर वाटलं, सोडतो आता.

त्यानं झाकण घट्ट लावलं. "सिन्तो मोइतो, सेञोरा." फार वाईट वाटतंय. "नोङ पोदे सेर." नाही चालणार. बरणी टेबलाच्या पलीकडं ठेवली. एक कागद भरला, मी मराठीत सही केली. पासपोर्टावर आहे तशीच. सहीकडं तो जरा वेळ बघत राहिला. दंड नाही, रागावणं नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "एन्तेन्दो." समजतं मला. बॅग बंद करायला त्यानंच मदत केली. सोडे पुन्हा नीट सहा थरांत गुंडाळून दिले.

काचेचं दार सरकलं आणि पलीकडं लेक. वाळली होती जरा. मिठी मारल्यावर तिनं पहिलं काय विचारलं असेल? "आई, किती वेळ! बॅग उघडली का? तूप नाही ना आणलंस?"

"त्रोउशेङ," मी म्हटलं. आणलं होतं. क्रियापदाचा भूतकाळ तिनंच शिकवलेला.

ती दोन क्षण माझ्याकडं बघत राहिली. मग आतल्या दाराकडं बघितलं. मग म्हणाली, "नुसता वास तरी घेऊ द्यायचा होता की गं."

घरमालकीणबाईंपुढं माझी वही पहिल्याच संध्याकाळी निकामी झाली. गालिसियात 'मृत्यूचा किनारा' म्हणतात त्या बाजूच्या त्या, आणि तिकडे ग चा ह होतो, थ चा स. मी ग्राथास म्हटलं की त्या हसून काहीतरी ह्रासास असं म्हणायच्या. त्यांच्या लहानपणी शाळेत गालेगो बोलायची सोय नव्हती, सगळं शिक्षण स्पॅनिशमध्ये. १९८१ नंतर ही भाषा तिथं अधिकृत झाली. लिहायला त्यांना आजही जड जातं म्हणाल्या. मग संध्याकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात वही घेऊन बसायची, त्या बोलायच्या आणि मी ते देवनागरीत लिहायची, ह सकट. एकदा त्यांनी वही हातात घेऊन विचारलं, माझं बोलणं यात कुठं आहे? मी बोट ठेवून वाचून दाखवलं. त्यांच्यासारखंच वाचलं गेलं, तेव्हा त्यांनी वही परत द्यायला जरा वेळ लावला. सहा आठवड्यांत एकशे बावीस पानं झाली.

नोव्हेंबरात परत आले. पहाटेची मुंबई, ट्रॉलीचं एक चाक अडणारं. बॅगेत बदामाचा एक केक, लेकीनं ह्यांना घेतलेला स्वेटर, चार-सहा शंखशिंपले. तेव्हाच्या ५०,००० रुपयांच्या सवलतीच्या आसपासही नाही. हिरव्या वाटेवर कस्टमची एक मुलगी उभी होती, झोप न झालेली. तिनं हात पुढं केला.

"काही डिक्लेअर करायचंय का मावशी?"

"नोङ तेञो नादा के देक्लारार," मी म्हटलं. एका दमात, ङ आणि ञ जिथल्या तिथं.

"काय?"

"काही नाही गं," मी म्हटलं, आणि ट्रॉली ढकलली.